उत्तर आहे

९ जानेवारी

चि. भावजी,

आम्हा दोघांचे आशीर्वाद. तुमचे दादा समोर बसून सांगतायत आणि मी लिहितेय. पण त्यांच्या सांगण्यातलं निम्मं शिव्यांतच जातं, म्हणून उरलेलं मी माझ्या मनाने लिहिते. रागावू नका.

त्यांचे कान आता पारच गेले. तीस वर्षं भट्टीच्या पंख्याशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार. घरात साधं काही विचारायचं तर ओरडावं लागतं. परवा ओरडून विचारलं, आंघोळीला पाणी काढू का, तर खालच्या मजल्यावरचे काका बादली घेऊन वर आले, आमच्याकडे पाणी नाही, आम्हालाही द्या म्हणाले. असं आमचं चाललंय.

आता मुद्दा. कारखान्यात नवे मॅनेजर आलेत आणि एक मोठा रोल, म्हणजे लोखंडाचं भरीव लाटणंच म्हणा, ओतायचाय. दोन माणसांनी हात धरले तर कवेत येईल एवढा जाड. असा रोल ओतला की दोन रात्री खड्ड्यातल्या साच्यातच ठेवायचा, मग साचा उघडून क्रेनने उचलायचा, ही यांच्या उस्तादांपासूनची पद्धत. मॅनेजर म्हणतात, एक रात्र पुरे. हे म्हणाले, पुरे नाही. ते म्हणाले, का नाही ते सांगा. इथेच तुमच्या दादांची गाडी अडली, कारण का ते त्यांनाही माहीत नाही. बाहेरून लोखंड घट्ट दिसतं, पण पोटात वितळलेला रस राहिला असेल तर उचलताना कवच फाटतं आणि रस माणसांवर येतो, एवढं ते जाणतात. तो पोटात किती वेळ राहतो हे कुणी आत शिरून पाहिलेलं नाही.

म्हणून म्हणतात, शून्याला विचार. रस कसा गोठतो त्याचंच गणित तो इतकी वर्षं करतोय ना? मग एका रात्रीत गोठेल की नाही तेवढं सांगू दे. (चौथीत गणितात शून्य मिळवलंत ते अजून फेडताय, काय करणार.)

तुमची
वहिनी


१८ जानेवारी

सौ. वहिनी,

शून्याचा वाकून नमस्कार. साष्टांग घातला असता, पण माझ्या खोलीत पलंग आणि टेबलाच्या मध्ये एखादंच अंग मावतं, आठ मावत नाहीत.

दादाला सांगा, माझी समीकरणं खरोखरच त्याच्या रोलची आहेत. त्यांचं नाव भारदस्त आहे, अरेषीय अन्वस्तीय. त्रास असा की उष्णता किती जोरात वाहणार हे त्या जागी किती उष्णता आहे त्यावरच ठरतं, आणि रस कुठे संपतो, घट्ट लोखंड कुठे सुरू होतं, ती हद्द सारखी सरकत असते. कुंपण कळल्याशिवाय शेत मोजता येत नाही, आणि शेत मोजल्याशिवाय कुंपण कुठे घालायचं ते कळत नाही, अशातली गत.

पण मी आकडा काढत नाही, वहिनी. या समीकरणांना मुळात उत्तर असतं का, एवढंच मी बघतो. हसू नका. ज्याला उत्तरच नाही त्याचं उत्तर यंत्रावर काढत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. यंत्र बिचारं आकडा देतं, तो कशाचा ते कुणाला ठाऊक नसतं.

माझी रीत सांगतो. रस गोठताना समीकरणात एकदम उडी येते, ती फार छळते. म्हणून उडीच्या जागी आधी हलका उतार धरायचा, म्हणजे थोडं खोटं बोलायचं. त्या खोट्या समीकरणाला उत्तर मिळतं. मग उतार खडा खडा करत न्यायचा, खोटं कमी कमी करायचं, आणि मिळणारी उत्तरं हातातून निसटत नाहीत ना ते पाहायचं. एका जागी ती निसटतात. तिथेच मी गेलं वर्षभर अडलोय. आणि एवढं करून मिळेल ते आमच्या भाषेत ‘दुबळं उत्तर’. प्रत्येक ठिकाणी नव्हे, सरासरीने खरं.

दादाला म्हणावं, थोडा धीर धर.

तुमचा
शून्या


२७ जानेवारी

चि. भावजी,

दोघांचे आशीर्वाद. तुमचं पत्र वाचून दाखवण्यात माझा अख्खा रविवार गेला. मी ‘अन्वस्तीय’ असं ओरडले तर शेजारीण धावत आली, कुणाला झालंय म्हणून. तिला रोगाचं नाव वाटलं. हे म्हणाले, इतकी वर्षं उत्तर आहे का तेच शोधतोय? मग प्रश्न तरी आहे का ते बघून घे म्हणावं. ‘दुबळं उत्तर’ ऐकून म्हणाले, त्याच्या तब्येतीला साजेसं आहे.

पण त्यानंतर ते काही हसले नाहीत. रोलचा दिवस ठरलाय, पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. मॅनेजरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, एका रात्रीत काढायचा नसेल तर मुकादमकी दुसऱ्याला देतो. मुकादमकी गेली की ही क्वार्टरही गेली. त्याचंही एक वेळ चालेल हो. पण हे धड जेवत नाहीत. आले की भिंतीकडे तोंड करून पडतात. परवा म्हणाले, मी बरोबर आहे की नुसता म्हातारा झालोय, तेच मला कळेना. त्यांना असं बोलताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

फोन करायचा तर तो मॅनेजरांच्या टेबलावर. त्यांच्यासमोर काय विचारणार, आणि यांना ऐकू काय जाणार?

म्हणून हात जोडते, आता मोठं लिहू नका. माझा घसा बसलाय. एका ओळीत कळवा, उत्तर आहे की नाही.

तुमची
वहिनी


३ फेब्रुवारी

सौ. वहिनी,

दादाला आत्ताच्या आत्ता सांगा. उत्तर आहे. काल दुपारी अडलेली जागा सुटली. एक रात्र असो की शंभर, उत्तर आहेच, आणि एकच आहे. घाईत लिहितोय, अक्षर समजून घ्या. सविस्तर मागाहून लिहितो, तोवर दादाला थांबायला सांगा.

शून्या


१० फेब्रुवारी

सौ. वहिनी,

नमस्कार. ते चिटोरं पाठवलं आणि मग आठवडाभर सगळं पुन्हा तपासत बसलो. कुठेही भोक नाही. माझ्या मार्गदर्शक सरांनी फळ्यासमोर उभं करून उलटं सुलटं विचारलं आणि शेवटी मला चहा पाजला. त्यांनी कुणाला चहा पाजल्याचं इथे कुणाला आठवत नाही. म्हणाले, आता प्रबंध दे, तोंडी परीक्षा लावतो.

आता दादाच्या प्रश्नाकडे येतो. आनंदाच्या भरात तो बाजूलाच राहिला. मी ‘आहे’ म्हणतो म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. बंद खोलीत कुणीतरी खोकलं तर आत माणूस आहे एवढं कळतं. तो कोण, भला की बुरा, हे कळत नाही. तसंच हे. एका रात्रीनंतर रोलच्या पोटात काय असेल ते पक्कं ठरलेलं आहे, इतकंच मी सिद्ध केलं. पोटात सगळा रसच असेल, तर तेही उत्तरच. गोठेल की नाही याच्याशी माझ्या ‘आहे’चा काडीचा संबंध नाही.

आकडा हवा असेल तर तो यंत्रावर काढावा लागेल. माझा एक मित्र काढून देईल. त्याला रोलची जाडी, साच्याची वाळू, रस किती तापवतात, हे सगळं लागेल. दादाकडून लिहून घ्या. तोवर दोन रात्री सोडायच्या नाहीत. मॅनेजरला ठणकावून सांग म्हणावं, माझा भाऊ यातला पंडित आहे आणि तो नाही म्हणतोय. क्वार्टर गेली तर इकडे या दोघं. टेबल बाहेर काढू, हाय काय नि नाय काय.

तुमचा
शून्या


२६ फेब्रुवारी

चि. भावजी,

अनेक आशीर्वाद. मोठं पत्र मिळालं. सगळं समजलं. मोजमापं पाठवायची आता गरज उरली नाही, रोल काढला.

हे हल्ली काही सांगत नाहीत, म्हणून पत्र एवढंसंच. तुमची तोंडी परीक्षा कधी आहे ते कळवा. ती होईपर्यंत इकडे यायचं मनात आणू नका. वेळेवर जेवत जा.

वहिनी


७ मार्च

सौ. वहिनी,

झालं एकदाचं. परवा तोंडी परीक्षा झाली आणि मी पास झालो. तुम्ही दोघं इथे असतात तर दादाने शिट्टी मारली असती आणि मला तोंड लपवायला जागा उरली नसती.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, तुमचं हे उत्तर दिसतं तरी कसं? मी म्हणालो, कल्पना नाही, पण आहे. सगळी खोली हसली. सरांनी टेबलावर थाप मारली. मग टाळ्या. दादाला हे नक्की सांगा, तीन वर्षांत एकदा तरी लोक माझ्यावर नाही, माझ्याबरोबर हसले.

पण तुमच्या पत्राने मला चैन नाही. तुमचं पत्र एवढंसं असतं का कधी? दादा रुसलाय हे कळतंय. मी आकडा दिला नाही म्हणून रुसला असेल. रोल दोन रात्रींनी काढला ना? मॅनेजरचं तोंड कसं झालं? आणि माझं ते छोटं पत्र मिळालं की नाही, त्याबद्दल तुम्ही अक्षर लिहिलं नाहीत.

प्रबंध छापायला जाईल. पहिल्या पानावर मी लिहिलंय, ‘ज्याने मला शून्या म्हटलं त्या दादाला.’ हे त्याला सांगू नका, छापून आलं की दाखवू.

तुमचा
शून्या


१६ मार्च

भावजी,

यापुढे पाकिटावर सौ. लिहू नका. पोस्टमनला ठाऊक आहे, तो पाकीट हातात देताना जमिनीकडे बघतो.

तुमचे दादा गेले. तुमची परीक्षा होऊ दे म्हणून मी कळवलं नाही. हे माझं मीच ठरवलं, त्यांना विचारायची सोय नव्हती. तुम्ही रागावाल, आणि रागावणं बरोबर आहे.

रोल ओतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच साचा उघडला. एकच रात्र. क्रेनवाला वर होता म्हणून वाचला, त्यानेच घरी येऊन मला सांगितलं. रोल खड्ड्यातून अर्धा वर आला तोवर सगळं ठीक होतं. बाहेरून काळा पडला होता, घट्ट दिसत होता. मग खालच्या अंगाला एक लाल रेघ आली, आणि कुणी ओरडायच्या आत कवच फाटलं. कुणी ओरडलं असतं तरी यांना ऐकू आलं नसतं. बाकीच्यांना यांनी आधीच लांब उभं केलं होतं. स्वतः साखळी बघायला जवळ थांबले होते.

दवाखान्यात काही दिवस होते. सगळं अंग बांधलेलं, डोळे तेवढे उघडे. मी ओरडून बोलायचे तर नर्स म्हणायची, बाई हळू, इतर पेशंट आहेत. हळू बोलून त्यांना काय कळणार होतं? मी शेवटी जे बोलले ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. याचं मला फार वाटतं, भावजी. बाकी सगळं एक वेळ सोसेन, पण याचं वाटतं.

साचा उघडण्याआधी पोरं कचरत होती. क्रेनवाला म्हणाला, दादांनी हात वर केला आणि नेहमीसारखं मोठ्याने म्हणाले, ‘उघडा. आहे.’ काय आहे ते कुणाला कळलं नाही. पण दादा म्हणतात म्हटल्यावर उघडलं. एवढेच त्यांचे शब्द.

मॅनेजर येऊन गेले. वर्षअखेरपर्यंत क्वार्टर ठेवा म्हणाले. खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते.

तुमच्या मनात येईल म्हणून आधीच सांगते. तुमचं छोटं पत्र हे गेल्यावर आलं, मोठ्याच्या बरोबरच. पोस्टात कुठेतरी अडकलं असेल. तेव्हा स्वतःला बोल लावून घेऊ नका.

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

नमस्कार. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुमच्यावर ओरडलो होतो. माझा भाऊ जाऊन किती दिवस झालेले, आणि मी इथे फळ्यासमोर टाळ्या घेत होतो. माझी परीक्षा काय, ती पुढच्या वर्षी झाली असती. दुसऱ्या पत्रात तुमची माफी मागितली होती. तीही खोटीच वाटली.

आता जे लिहितोय ते शांतपणे लिहितोय. लहानपणी मी दादाला डबा द्यायला जायचो आणि ओतकाम बघत उभा राहायचो. रस गोठला की ते म्हणतात ‘बसला’. म्हणतात ‘धरला’. घाई असेल तर नुसतं ‘झालं’. ‘आहे’ असं त्या खड्ड्याशेजारी कुणी कधी म्हणत नाही. दादाने तर जन्मात म्हटलं नसतं. तो माझा शब्द आहे, वहिनी. तो त्याच्या तोंडात माझ्या पत्रातूनच गेला. म्हणजे पत्र वेळेवर पोचलं होतं.

तुम्ही माझ्यासाठी खोटं लिहिलंत. मी जगावं म्हणून लिहिलंत, हे मला कळतं. पण मला लपवून ठेवू नका. त्याने विचारलं होतं, गोठेल का? मी सांगितलं, आहे. दोन प्रश्न होते आणि मी माझ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं, कारण त्या दिवशी मला दुसरा प्रश्न दिसतच नव्हता. परीक्षकांना ज्या शब्दाचं हसू आलं त्याच शब्दावर दादाने साचा उघडला. त्या चिटोऱ्यात मी आणखी एक शब्द लिहिला असता, नुसतं ‘थांबा’ एवढा, तरी तो थांबला असता. माझं ऐकायचा तो. तेवढा शब्द मला सुचला नाही.

प्रबंध मी परत मागितलाय. छापणार नाही. ज्या पानावर त्याचं नाव आहे त्याच्या पुढच्या पानावर तोच शब्द आहे. ती दोन पानं मला एकत्र शिवता येणार नाहीत. सर समजावताहेत, पण माझं ठरलंय.

शून्या


३ एप्रिल

चि. भावजी,

माझा एकटीचा आशीर्वाद.

तुम्ही बरोबर ओळखलंत. पत्र वेळेवर आलं होतं, साचा उघडायच्या आदल्या दिवशी. पण मी तुमच्यासाठी खोटं लिहिलं, हा तुमचा समज चुकीचा आहे.

तो शब्द तुम्हाला सुचला होता. तुमचं चिटोरं आत्ता माझ्यासमोर आहे. शेवटची ओळ उतरवते. ‘सविस्तर मागाहून लिहितो, तोवर दादाला थांबायला सांगा.’ घाईत लिहिलंत, म्हणून तुम्हाला आठवत नाही. मला पाठ आहे.

हे जेवायला बसले होते, म्हणजे ताटासमोर बसले होते. मी उभ्याउभ्या पत्र फोडलं आणि ओरडले, उत्तर आहे. मग ओरडले, एक रात्र असो की शंभर, उत्तर आहेच. यांनी वर पाहिलं आणि हसले. किती आठवड्यांनी हसले. शेजारीण दारात आली तर तिला म्हणाले, माझा भाऊ म्हणतो, आहे. आणि जेवायला लागले. पुढची ओळ माझ्या डोळ्यांपुढे होती. वाटलं, जेवून होऊ दे, मग सांगू. जेवून झाल्यावर वाटलं, आता सांगितलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. क्वार्टरचाही विचार आला, तो आला नाही असं म्हणणार नाही. मग त्यांना झोप लागली. सकाळी ते गाणं म्हणत गेले. बेसूर, बहिऱ्या माणसाचं. मी पत्र डब्याखाली ठेवून दिलं.

मोठं लिहू नका, एका ओळीत लिहा, हेही मीच सांगितलं होतं तुम्हाला. आणि एकाच्या चार ओळी आल्या तर त्यातली एक मी गाळली.

म्हणून पत्र उशिरा आलं असं लिहिलं. तुम्हाला वाचवायला नाही. ही ओळ तुम्ही कधी मागू नये म्हणून.

आता तुम्हाला काय करायचं ते करा. माझ्याकडे येऊ नये असं वाटलं तरी चालेल. पण प्रबंध छापा. तुम्ही ‘थांबा’ म्हणाला होतात. तुमच्या दादाचं नाव त्या पानावर राहू द्या, ते ज्याच्यावर इतका विश्वास ठेवून गेले तो भाऊ चुकला नव्हता.

माझी सवय काही सुटत नाही. घरात कुणी बहिरं नाही, तरी तुमचं पत्र मी मोठ्याने ओरडूनच वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही न गाळता. शेजारीण काही आली नाही.

वहिनी